उरलेला एक प्रेक्षक

फोन आला तेव्हा मी डाळ निवडत होते. "अनंतकाका गेले," पुतण्या म्हणाला. मी "बरं" म्हटलं, उरलेली डाळ निवडून डब्यात भरली आणि मग साडी बदलली. महिना उलटला, अजून रडू आलेलं नाही... मुलांनो, तुम्ही दूरदेशी असता, या चुलत आजोबांना तुम्ही फोटोतच पाहिलंत, म्हणून लिहिते आहे.

अनंतभाऊजी माझे धाकटे दीर. नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, जीव मात्र जादूत. सत्तरच्या दशकात नाशिकमधल्या कितीतरी गणपतींपुढे त्यांचे प्रयोग झाले. लाल चेंडू डाव्या हातातून उजव्या मुठीत दिल्याचं भासवायचे आणि त्या मुठीकडे स्वतः इतकं टक लावून पाहायचे, की सगळा मांडव तिकडेच पाहायचा. मूठ उघडली की रिकामी! सराव नेहमी आरशासमोर, म्हणजे समोरूनच.

ऐंशीनंतर टीव्हीवरच्या जादूच्या स्पर्धेत त्यांची निवड झाली. मुंबईला चित्रीकरण झालं, टाळ्या पडल्या, ते खुशीत परतले. कार्यक्रम दाखवला त्या संध्याकाळी आमच्या बैठकीत अख्खी कॉलनी दाटीवाटीने बसली होती. पडद्यावर भाऊजींनी उजवीकडे पाहिलं. कॅमेरा मात्र बाजूने डाव्या हातावर गेला... आणि बोटांमागचा चेंडू पडदाभर दिसला. शेजारच्या जोशीकाकूंनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच.

त्या वर्षी गणपतीत भाऊजी उभे राहतील की नाही, याचीच घरात धास्ती होती. उभे राहिले. मांडवही भरला. पण माणसं फार जपून बसली होती. भाऊजींनी उजवीकडे पाहण्याआधीच सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. डाव्या हाताकडे चुकूनही कोणी बघेना.

भाऊजी मध्येच थांबले. "अहो, पकडा ना मला! हळदीकुंकवाला आल्यासारखे काय बसलात?"

"तुमचं छानच असतं हो, अनंतराव!" मागून कोणीतरी म्हणालं.

त्यांनी चेंडू खिशात टाकला, नमस्कार केला आणि खाली उतरले. पुन्हा कधी मांडवात उभे राहिले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "वहिनी, तुम्ही तरी खरं सांगा. टीव्हीवर दिसला?"

"दिसला, भाऊजी."

"आणि आज?"

"आजही. मी डावीकडेच बघत होते."

त्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसले. "चला, एक तरी प्रेक्षक उरला."

तेव्हापासून दर रविवारी चहानंतर ते टेबलाशी बसायचे, मी समोर. दिसला तर दिसला म्हणायचं, एवढाच करार. तुमचे आजोबा चिडवायचे, "झाली का तोंडी परीक्षा सुरू?" पुष्कळदा मला दिसायचा नाही. म्हातारपणी त्यांची बोटं आखडली, मग दर वेळी दिसायचा, आणि दर वेळी मी तसं सांगायचे. "कडक मास्तरीण," म्हणत ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटच्या रविवारी चेंडू हातातून निसटून टेबलाखाली गेला. मी वाकून काढून दिला.

"हे धरायचं नाही हं, वहिनी."

"धरणार."

"धरा मग," ते म्हणाले, आणि बाह्या सावरल्या.

आताही रविवारी चहा झाला की मी टेबल पुसते, खुर्ची सरळ करते आणि थोडा वेळ तिथेच बसते. दिसला का, असं कोणी विचारत नाही... मग कपबशा विसळायला उठते.