चार ओळींचं शिफारसपत्र

आयुष्यभर मी लिहीत आले ते दुसऱ्यांच्या नाडीबद्दल, तापाबद्दल आणि लघवीबद्दल. चौतीस वर्षं नर्स होते, त्यातली अठरा वर्षं हाडांच्या वॉर्डाची इनचार्ज. हाताखालच्या पोरी माझ्या पाठीमागे मला काय म्हणायच्या ते मला ठाऊक आहे. म्हणोत बापड्या. केसपेपरवर फालतू शब्द मी खपवून घेत नसे. कुणी 'पेशंट बरा दिसतो' असं लिहिलं, की बोलावून विचारायची, "दिसतो म्हणजे? तुला दिसतो की थर्मामीटरला?"

त्याला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका केसपेपरवर लिहिलं होतं, 'आजोबा आज छान आहेत.' राऊंडला आलेल्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि आजोबांना न तपासताच ते पुढच्या खाटेकडे गेले. दुपारी आजोबांना जी धाप लागली, ती दोन दिवस उतरली नाही. माझ्या वरच्या सिस्टरांनी भर वॉर्डात माझे वाभाडे काढले. "छान? छान हे कशात मोजतात गं? डोळ्यांना दिसलं ते लिही. मनाला वाटलं ते घरी घेऊन जा." आजोबा वाचले, पण ते बोल माझ्या हाडीमाशी खिळले.

मुंगी आमच्या वॉर्डातली मावशी होती. मावशी आपली हुद्द्याने. पेशंटला लघवीचं भांडं द्यायचं, चादरी बदलायच्या, फरशी पुसायची, हे तिचं काम. वयाने पोरगीच, तेविसाव्या वर्षी लागलेली. चण एवढीशी, आणि पाय कधी एका जागी ठरायचे नाहीत. नाव ठेवलं ते आमच्या मोठ्या डॉक्टरांनी. "मुंगी आली रे, साखर झाका!" असं ते ओरडायचे. ही लगेच म्हणायची, "झाकायला आहे कुठे? तुमची साखर तर बाईसाहेबांनी केव्हाच बंद केलीय." डॉक्टरांना असं बोलणारी सबंध इमारतीत ती एकटी, आणि मला न घाबरणारीही तीच.

बारावी झाल्या झाल्या लग्न झालं होतं. नवरा शिंपी, स्वभावाने गरीब. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे त्याचं निम्मं कळायचंच नाही. पदरात एक मुलगी. मुंगी औषधांची रिकामी खोकी फेकण्याआधी वाचत बसायची. "काय गं, कादंबरी आहे का ती?" मी ओरडायची. तर म्हणे, "सिस्टर, हेही सुजेवर आणि तेही सुजेवर, मग दोन्ही का देता?" मी म्हणायची, "फरशी वाळली का बघ आधी." पण दुसऱ्या दिवशी सांगायची. ती एकदा ऐकलेलं विसरायची नाही, म्हणून सांगावंसंही वाटायचं.

एका दुपारची गोष्ट. पायाला नवं प्लास्टर घातलेली एक कॉलेजातली मुलगी सकाळपासून रडत होती. आम्ही सगळ्याजणी म्हणत होतो, लाडावलेली आहे, दुसरं काय. मीसुद्धा म्हटलं. मुंगी तिची चादर नीट करायला गेली आणि तशीच माझ्या टेबलापाशी आली. "सिस्टर, त्या पोरीच्या प्लास्टरमधली बोटं थंडगार लागतात. दुसऱ्या पायाची कोमट आहेत. मी दोन्ही धरून बघितली."

मी उठून गेले. बोटं निळी पडत चालली होती. प्लास्टर आतून करकचून आवळलं होतं. ते कापल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास गेले असते तर पाय हातचा गेला असता. मी केसपेपरवर लिहिलं, 'उजव्या पायाची बोटे थंड व निळसर आढळली. डॉक्टरांना ताबडतोब कळवले.' कुणाला आढळली, ते लिहायची रीत नाही. शिवाय मावशीने पेशंटला तपासायचं नसतं, तसा नियम आहे. मुंगीला मी एवढंच म्हटलं, "बरं केलंस." त्या दोन शब्दांवर ती आठवडाभर उड्या मारत होती.

तेव्हापासून मीच तिच्या मागे लागले, नर्सिंगला जा म्हणून. एक ट्रस्ट दरवर्षी सहा बायकांना नर्सिंगसाठी शिष्यवृत्ती द्यायचा. फी, पुस्तकं आणि शिकत असेपर्यंत घर चालेल एवढी रक्कम. अट एकच मोठी, वय तिशीच्या आत हवं. हो-नाही करता करता, घरच्यांना पटवता पटवता मुंगीला एकोणतिसावं लागलं.

"सिस्टर, हे एकच वर्ष हातात आहे हो."

"एकदाच निवड व्हायला वर्षं किती लागतात? भर तो अर्ज."

जेवणाच्या सुट्टीत माझ्याच टेबलावर तिने अर्ज भरला. आधी तीनदा कच्चा लिहिला. दाखल्यांच्या प्रती जोडल्या, फोटो चिकटवला, तो वाकडा झाला म्हणून काढून परत चिकटवला. अर्जासोबत इनचार्जचं शिफारसपत्र लागायचं, तेही बंद पाकिटात, उमेदवाराने न वाचता. "लिहाल ना, सिस्टर?" तिने दारातून विचारलं. "न लिहायला काय धाड भरलीय मला? जा, नऊ नंबरला भांडं दे," मी म्हटलं.

पत्र लिहायला मला दहा मिनिटं लागली. ते मला तोंडपाठ आहे. 'सदर कर्मचारी या वॉर्डात सहा वर्षे काम करत आहे. वेळेवर येते. सांगितलेले काम पूर्ण करते. तिच्याविषयी तक्रार नाही.'

वाचून मला समाधान वाटलं. एक शब्द खोटा नव्हता, एक फुगवलेला नव्हता. 'तक्रार नाही' हे मी इनचार्ज असताना फक्त दोघींबद्दल लिहिलंय, बाकीच्या पन्नास जणींबद्दल माझी तक्रारच तक्रार होती. त्या थंड बोटांची गोष्ट लिहावी का, असं मनात येऊन गेलं. पण मावशीने पेशंटचा पाय तपासला हे कागदावर आलं, तर उद्या तिलाच जाब विचारतील, म्हणून राहू दिलं. पाकीट चिकटवलं आणि टपालात दिलं.

मग मुलाखत झाली आणि वाट बघणं सुरू झालं. निकाल तीन महिन्यांनी पत्राने कळणार होता. दिवसा घरी कुणी नसायचं, म्हणून तिने पत्ता हॉस्पिटलचा दिला होता. टपाल अकरा वाजता ऑफिसातल्या क्लार्कच्या खिडकीत यायचं. रोज अकराला मुंगीला त्या खिडकीसमोरचीच फरशी नेमकी मळलेली दिसायची. "आज?" ती विचारायची. "आज नाही," क्लार्क म्हणायचा. मी म्हणायची, "अगं, झिजेल ती फरशी, खालचे लोक दिसायला लागतील." तिकडे नवऱ्याने गणवेशासाठी पांढरं कापड आणून ठेवलं होतं. बाजारात तुरी म्हणतात ती गत. पण मी काही बोलले नाही, कारण मलाही खात्रीच होती.

पाकीट आलं ते अगदी पातळ. तिने ते खिशात टाकलं, सगळ्या पेशंटची जेवणं वाढली, ताटं गोळा केली आणि मग भांडी धुवायच्या खोलीत जाऊन फोडलं. मी मागोमाग गेले. नळ तसाच वाहत होता. निवड होऊ शकली नाही, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"माझंच चुकलं, सिस्टर," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, नर्स का व्हायचंय? मी म्हटलं, मला आवडतं. नुसतं आवडतं! बाकीच्या बायका बाहेर बाकावर सेवा आणि काय काय घोकत होत्या. मला मेलीला ऐन वेळी काही सुचलंच नाही." मी नळ बंद केला. म्हटलं, "जाऊ दे, त्यांचं नशीब फुटकं." पांढऱ्या कापडाचे पुढे तिच्या लेकीला शाळेचे शर्ट झाले.

दीड वर्षाने त्या ट्रस्टचे चिटणीस आमच्याच वॉर्डात आले, मांडीचं हाड मोडून. तीन आठवडे खाटेवर. त्यांचं सगळं मुंगीने केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस वळवायची, केस विंचरायची, चिडले की हसवायची. घरी जायच्या दिवशी ते मला म्हणाले, "सिस्टर, या बाईला तुम्ही नर्स का नाही केलं हो?"

"आम्ही पाठवली होती तुमच्याकडे. तुम्हीच नाही म्हणालात." बरी सापडली संधी, म्हणून मी जरा ठसक्यातच बोलले.

त्यांनी कपाळाला आठ्या घालून आठवलं. मग माझ्याकडे बघत राहिले. "ते चार ओळींचं पत्र तुमचं का?"

"माझं. का?"

"अहो, बाकीच्यांची पत्रं दोन-दोन पानं. तुमचं वाचून समितीतल्या बाई म्हणाल्या, इनचार्जला हिच्याबद्दल चांगलं लिहायचं नाहीये, पण तोंडावर नाही म्हणवलं नसेल. तक्रार नाही, हे तर आम्ही नोकरी सोडून जाणाऱ्या चौकीदारालाही लिहून देतो."

"आणि मुलाखत? मुलाखतीत गेलं ना तिचं?"

"छे हो! मुलाखत सगळ्यांत छान तिचीच. सेवा, त्याग, समाज ऐकून कान किटले होते आमचे. ही एकटी म्हणाली, मला आवडतं. पण सहा वर्षं जिने रोज पाहिलं तिचंच मत असं म्हटल्यावर..." ते थांबले. "अजून तिशीच्या आत असेल तर पाठवा ना अर्ज."

"उलटली," मी म्हटलं.

संध्याकाळी मी मुंगीला विचारलं, "ओळखलं नव्हतंस का गं त्यांना?" ती म्हणाली, "ओळखलं की पहिल्याच दिवशी. पण हाड मोडलेल्या माणसाला काय छळायचं?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं बाई, तुझं उत्तर सगळ्यांत चांगलं होतं, चुकले ती मी. आज सांगू, उद्या सांगू करत दहा वर्षं गेली. लाज वाटत होती, हे खरंच. पण त्याहून जास्त भीती वाटत होती. दुसऱ्यांच्या बारीकसारीक चुकांवर मी पोरींना रडवलंय, आणि माझी चूक एका बाईच्या जन्माला पुरली. ते कळल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, ते मला बघवलं नसतं. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी पुष्पगुच्छ दिले. मुंगीने माझी खुर्ची पुसली आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही माझ्यासाठी धडपडलात, तेवढंही कुणी केलं नव्हतं." मी त्या दिवशी जेवले नाही.

आता तिची लेक अठरा वर्षांची झालीय. मी जवळच्या दवाखान्यात सकाळी थोडा वेळ बसते, तिथे ती गेलं वर्षभर पट्ट्या बांधायला येते. हात आईचाच. तिने त्याच शिष्यवृत्तीचा अर्ज केला आणि शिफारसपत्रासाठी माझं नाव दिलं. या वेळी मी चार दिवस लिहीत होते. तीन पानं झाली. डोळ्यांना दिसलं ते सगळं लिहिलं, मनाला वाटलं तेही लिहिलं. छान हा शब्दसुद्धा लिहिला, एकदा नाही, दोनदा.

काल दुपारी मायलेकी पाकीट न्यायला आल्या. नियमाप्रमाणे ते बंद करूनच द्यायला हवं होतं. पण मी पानं मुंगीच्या हातात दिली. तिच्या कानशिलांवर आता पांढरे केस आलेत. तिने उभ्या उभ्या तिन्ही पानं वाचली, शेवटचं पान दोनदा. डोळे पुसले. मग एकदम उजळून मला विचारलं, "सिस्टर, माझ्या वेळीही असंच लिहिलं होतंत ना?"

सांगायची वेळ हीच होती. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती.

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच मला." ती लेकीकडे वळली. "बघ, पत्र असं असूनसुद्धा माझं गेलं. का, तर मुलाखतीत मी बावळटासारखं आवडतं म्हणाले. तू तसलं काही बोलू नकोस हं."

"बोलू दे की," मी घाईने म्हटलं. "आवडत असेल तर आवडतं म्हणू दे तिला. माझं ऐक पोरी, तसंच म्हण."

पोरगी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली. मग समजूत काढल्यासारखी मला म्हणाली, "पण सिस्टर, मुलाखतीला आई गेली होती ना. तिला अनुभव आहे."

मी पानांची घडी घातली आणि पाकिटाला गोंद लावायला घेतला. शेजारी मुंगी लेकीला काय काय म्हणायचं ते पढवत होती. सेवा म्हण, समाज म्हण, आणि त्याग विसरू नकोस.