निम्मी गाडी कारभारीची

कारभारीच्या घरून फोन आला तेव्हा गाडी माझ्या पाळीत होती. सकाळची वेळ, दुकानाचं शटर वर करून मी उदबत्ती लावत होतो. फोनवर त्याची मुलगी रेखा. "काका, आप्पा गेले..." कारभारी नगरच्या दवाखान्यात होता आणि आता घरी सोडतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी शटर ओढलं, गाडीत जाऊन बसलो, किल्ली लावली आणि तसाच बसून राहिलो. मग उतरलो आणि शेजारच्या चहावाल्याची मोटारसायकल मागून घेऊन कारभारीच्या घरी गेलो. तेव्हापासून लोक विचारतात, रेंज रोव्हर दारात उभी असताना मित्राच्या मयताला तुम्ही फटफटीवर का गेलात? या काही महिन्यांत गाडीबद्दल गावात पुष्कळ बोलणं झालं. कारभारीबद्दलही कुणीतरी बोलावं, म्हणून हे लिहितोय.

श्रीगोंद्याजवळ आमच्या दोघांच्या जमिनी बांधाला बांध लागून आहेत. मधल्या बांधावर विहीर, आमच्या आजोबांनी भागीत पाडलेली. आठ आणे त्यांची, आठ आणे आमची. आठ दिवस त्यांची मोटार चालायची, आठ दिवस आमची. दोन्ही म्हाताऱ्यांनी एक नियम घालून दिला होता आणि तो दोन्ही घरांत कुणी मोडला नाही. दुसऱ्याच्या पाळीत विहिरीकडं फिरकायचं नाही. पाळी नसताना जो विहिरीवर उभा राहतो तो पाणी मोजायला आलाय, पहारा करतोय, असाच त्याचा अर्थ धरला जायचा. आसपासच्या विहिरींवर डोकी फुटली, कोर्टकज्जे झाले. आमच्या विहिरीवर कधी आवाज चढला नाही तो या नियमामुळं. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बीए, अर्थशास्त्र. हे मी अभिमानानं सांगतो, माझ्या खतांच्या दुकानाच्या पाटीवरही ते लिहिलंय. कारभारी दहावीला थांबला आणि लिंबाच्या व्यापारात पडला. त्यानं मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. बांधावरून आवाज यायचा तो "ए बीए!" असाच. मीही काही कमी नव्हतो. बायका आपापल्या नवऱ्याला कारभारी म्हणतात, हा फुकटात साऱ्या तालुक्याचा कारभारी झालाय, असं मी चारचौघांत म्हणायचो. त्यावर तो म्हणायचा, "घरची एक ऐकत न्हाई माझं, तालुक्याचं कुठं घेऊन बसलास!"

गाडीचं वेड त्याचं. मी कॉलेजात होतो तेव्हा एकदा आम्ही दोघं सायकलवर डबलसीट येत होतो. कारखाना सुरू झालेला, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, आणि त्या रांगेत एक उंच, चौकोनी अंगाची गाडी अडकून पडलेली. आतल्या साहेबानं काच खाली करून इंग्रजीत रस्ता विचारला. मी इंग्रजीतच सांगितला. माझी छाती फुगलेली, आता कारभारी माझ्या इंग्रजीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत होतो. तो गाडी गेली त्या दिशेला बघत उभा. "बीए, आवाज ऐकलास का? कोरड्या पाटात पहिलं पानी येतं ना, तसा." ती इंग्लंडची गाडी, आठ सिलिंडरचं इंजिन, हे सगळं आम्हाला पुढं कळलं. दोघांचं बरं चाललं, त्याच्या दारात पिकअप आल्या, माझ्या दुकानाला गोडाऊन झालं, पण तो आवाज त्याच्या कानातून काही गेला नाही. तोवर त्या धाटणीच्या गाड्या निघायच्या बंद झाल्या होत्या. राहिल्या त्या हौशी लोकांच्या शेडमध्ये, कापडाखाली झाकून. कारभारी मोबाईलवर त्यांचे फोटो बघत बसायचा. एक दिवस दुकानात आला, खताच्या गोणीवर बसला आणि म्हणाला, "पुन्यात एक हाय. एकट्याला झेपनार न्हाई. येतोस का निम्म्यात?" मी लगेच हो म्हणालो. मला गाड्यांचं काही कळत नाही. त्याच्यासोबत हिंडायला मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

पुण्यात गाडी बघायला गेलो आणि बघण्याचा कार्यक्रम आमचाच झाला. मालक म्हातारे गृहस्थ, एकटेच राहणारे. आधी चहा, मग पोहे, मग शेती किती, घरी कोण कोण, गाडी कुठं उभी करणार, असे प्रश्न. कारभारी मुलीसारखा खाली बघून उत्तरं देत होता. मग ते म्हणाले, "यात काही बदलायचं नाही हं. रंग नाही, सीट कव्हर नाही, ते गाणी वाजवायचं यंत्रसुद्धा नाही. जमेल तुम्हाला?"

"साहेब, आमच्या आज्यानं पाडल्याली इहीर हाय. तिचा एक दगुड आमी हलवला न्हाई."

"आणि चार पैसे जास्त मिळाले म्हणून विकलीत तर?"

"इहीर कुनी इकतं व्हय?"

म्हातारे हसले. मग त्यांनी मनापासून विचारलं, की एवढ्या जुन्या गाडीचं तुम्ही करणार तरी काय? कारभारीनं थोडा विचार केला. "बसू आत," म्हणाला. "दोघं."

गाडी आणली तो दिवस... घरापर्यंत त्यानंच चालवली. मी मागितली नाही. म्हटलं, किती वर्षं थांबलाय हा, ऐकू दे त्याला पोटभर. दौंडच्या पुढं भीमेच्या पुलावर आम्ही काचा खाली घेतल्या. एकदा तो म्हणाला, "बीए, पाय लांब कर की, आपलीच हाय." मी पाय लांब केले. एवढ्या सुखाचा प्रवास मी पुन्हा केलेला नाही.

बांधावर आलो तेव्हा त्याची बायको, आमच्या शकूवहिनी, ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. चाकाखाली लिंबू ठेवलं, तेही त्याच्याच बागेतलं, नीट निवडून. नारळ फुटला आणि कारभारी म्हणाला, "आता पाळीचं ठरवू." मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. भागीची वस्तू आली म्हणजे पाळी आली, दुसरी रीत आम्हाला माहीतच नव्हती. मी आठ दिवस म्हणालो. "गाडीला काय पीक वाळतंय? पंधरा दिवसाची धर. अमुशा ते पुनव तुझी, पुनव ते अमुशा माझी." शकूवहिनी ताट धरून ऐकत होत्या. "अवं, पाच मानसं बसत्यात तिच्यात! वाटनी कशाची करताय? दोघं मिळून बसा की!" आम्ही दोघंही हसलो. बायकांना भागीतलं काय कळतं, असं ते हसणं होतं.

आणि मग तसंच चाललं, वर्षानुवर्षं. पौर्णिमेला मी गाडी धुऊन त्याच्या शेडमध्ये नेऊन लावायचो, अमावास्येला तो माझ्याकडं. तिच्यात बसून गावातले किती नवरदेव देवाला गेले ते सांगता येणार नाही, कारण कारभारीला नाही म्हणता यायचं नाही आणि त्याच्यामुळं मलाही. तो माझ्यापेक्षा बुटका. त्यामुळं गाडी आली की आधी मी सीट मागं सरकवायचो, आणि पुढचे दोन-तीन दिवस आत लिंबाचा वास असायचा. माझ्या पाळीत मी त्याला कधी "चल" म्हणालो नाही, तो आपण होऊन कधी बसला नाही. त्याच्या पाळीत तेच. दुसऱ्याच्या पाळीत शेजारी बसायचं म्हणजे तो गाडी कशी चालवतो, कुठं आपटतो, हे बघायला बसल्यासारखं. पहारा. विहिरीनं आमची मनं राखली होती, ती गाडीसाठी कोण बिघडवणार? माझ्या मुलीचं लग्न त्याच्या पाळीत आलं, तर त्यानं किल्ली आणून दिली, दारात हार घातलेली गाडी सोडली आणि स्वतः पिकअपमध्ये बसून कार्यालयात आला.

मागच्या वर्षापासून त्याची तब्येत ढासळत गेली. नगरला दाखल केलं तेव्हा त्याचीच पाळी चालू होती, म्हणून मी एसटीनं जायचो. पाळी बदलली तशी गाडीनं जाऊ लागलो. गेल्या गेल्या विचारायचा, "कशी चालली?" मी म्हणायचो, "पाटात पानी आल्यागत." त्यावर डोळे मिटून घ्यायचा. शेवटच्या भेटीत तो उशीला टेकून बसला होता, चेहरा बराच उतरलेला. म्हणाला, "बीए, इथनं सुटलो की भंडारदऱ्याला जाऊ. घाटात तिचा आवाज ऐकायचा ऱ्हायलाय. दोघं जाऊ."

"कुणाच्या पाळीत?" मी सवयीनं विचारलं.

"पाळी गेली चुलीत."

उभ्या जन्मात त्याच्या तोंडून पाळीबद्दल असं काही ऐकलं नव्हतं. मग म्हटलं, "चालवणार कोण?"

"तू. मी बसतो शेजारी, पहारा करत," म्हणाला आणि हसला. हसता हसता खोकला आला, नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. दारातून मी हात केला. त्यानं हात वर केला तो स्टिअरिंग फिरवल्यासारखा, घाटातलं वळण घेतात तसा.

त्या सकाळी मी मोटारसायकल का घेतली, ते आता कळेल. ज्या गाडीत तो माझ्या शेजारी बसायचा होता, ती एकट्यानं चालवत त्याच्या दारात नेणं मला झालं नाही.

पुढं पौर्णिमा आली. मी गाडी धुतली आणि त्याच्या शेडमध्ये नेऊन लावली. शकूवहिनी ओट्यावर बसून होत्या. "भाऊजी, आता कशाला आनली?"

"वहिनी, पाळी हाय."

त्यांनी किल्ली घेतली आणि पदरात धरली. "एक सांगू का? तुमी गाडी लावून गेलात की हे दर पुनवेला त्या बाजूच्या सीटवर जाऊन बसायचे. चालवायच्या न्हाई, बाजूच्या. मी म्हनायची, अवं, आली ना पाळी, चालवा की. तर म्हनायचे, थांब जरा, बीए अजून उतरला न्हाई..."

मध्यंतरी मुंबईच्या कुणा हौशी माणसाचा वहिनींना फोन आला. अशा गाडीला आता चांगला भाव आहे, देता का, म्हणून. वहिनी त्याला म्हणाल्या, "निम्मी आमच्या मालकांची हाय. त्यांना इचारल्याबिगर कसं सांगू?" त्याला काही उमगलं नसावं, पुन्हा फोन आला नाही.

तेव्हा गाडी आजही पाळीनंच चालते. अमावास्या ते पौर्णिमा मी ती हिंडवतो. भंडारदऱ्याला मात्र नेलेली नाही, नेणारही नाही. पौर्णिमेपासून पंधरा दिवस ती कारभारीच्या शेडमध्ये उभी असते. त्या दिवसांत कधी दुकान बंद केल्यावर मी तिथं जातो, आजोबांचा नियम मोडून, आणि डावीकडचं दार उघडून आत बसतो. पाय लांब करतो. वहिनी काचेतून चहाचा कप देतात आणि आत जातात. उजवीकडं मी बघत नाही. पाळी त्याची आहे, आणि मी काही पहारा करायला बसलेलो नाही.