लाखबंद डबी

शेजारचे काका पुसदच्या कोर्टात जप्त मुद्देमाल सांभाळणारे कारकून होते. आता एकटेच राहतात आणि चष्मा हरवला तरी ‘शोध घेतला, आढळला नाही’ म्हणतात. चार वर्षांत घरी न आलेल्या मुलीने त्यांना झोप लागावी म्हणून जर्मनीहून भांगेपासून केलेल्या एका कृत्रिम अर्काच्या गोळ्या पाठवल्या. तिथे तेव्हा त्या दुकानात उघड मिळत. आपल्याकडे बंदी, म्हणून काकांनी डबी पाकिटात घालून लाखेने सील केली आणि पंच म्हणून माझी सही घेतली.

परवा मी म्हणालो, “काका, जर्मनीतही त्या अर्कावर बंदी आली. आता तरी फेका.”

“असं कसं फेकता येईन? मुद्देमाल सोडवून न्यायले मालकाले स्वतः यावं लागते. तिले तीनदा कळवलं.”