घाट नसलेल्या फळीवरची रेल्वे

रेल्वे उभारणं हे राष्ट्र उभारण्याइतकंच गंभीर काम आहे, आणि त्याला दूरदृष्टी लागते. माझी दृष्टी सहा फुटांवर थांबत होती, कारण भिंत तेवढीच होती आणि पुढे न्हाणीघराचं दार लागत होतं.

कर्जतच्या आमच्या घरातली ती एकच भिंत मोकळी होती. निवृत्तीनंतर मला तिथे एक फळी ठोकून तिच्यावर छोटी रेल्वे मांडायची होती. गोल गोल फिरणारी नव्हे, शंटिंगची. एक इंजिन, तीन वॅगन, गाडीचा रूळ बदलणारे दोन सांधे आणि माल उतरवायच्या तीन जागा: भाताची गिरणी, गोदाम आणि रसायनीला असतो तसा पिंपांचा कारखाना. इंजिनाने पुढेमागे करून ज्या त्या वॅगनला ज्या त्या जागी नेऊन ठेवायचं, एवढाच खेळ. वेग नाही, प्रतिष्ठा नाही, डोक्याला मात्र भरपूर काम. नोकरीची बरीच वर्षं मी याच्या नेमक्या उलट परिस्थितीत काढली होती.

आमच्या भागाला नमुन्यांचं वावडं नाही. नेरळपासून इकडे वळणावळणाला बिल्डरांची ऑफिसं आहेत आणि प्रत्येकात काचेखाली एक नमुना असतो: टॉवर, तलाव, स्पंजची झाडं, बाकावर बसलेलं बोटभर जोडपं. नळाला पाणी येतं का, असं तिथे विचारणं असभ्यपणाचं समजतात. माझ्या नमुन्यात जे दाखवलं ते चालणार होतं.

अडचण एकच. त्याच भिंतीला बायकोला अंथरुणा-पांघरुणांचं कपाट हवं होतं आणि तिने सुताराला रविवारी बोलावलंही होतं. ती अमळनेरकडची, शाळेत गणित शिकवायची. ती भांडली नाही. भांडणापेक्षा अवघड गोष्ट तिने केली, अट घातली.

"तुमची रेल्वे कागदावर चालवून दाखवा. म्हणजे तुम्ही नाही, मी चालवणार. तिन्ही डबे जागेवर गेले तर भिंत तुमची. अडलं तर सुतार येतोच आहे."

मला भिंत मिळाल्यातच जमा वाटली. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी नकाशा काढला होता, तो मोजूनमापून. पोशीरच्या चुलतभावाने तो पाहून मान डोलावली होती. शेजारच्या निवृत्त गार्डसाहेबांनी तर दोन कप चहा पिऊन त्याला मंजुरी दिली होती.

शनिवारी सकाळी हा चुलतभाऊ तांदूळ घेऊन आला होता, तोच पंच म्हणून बसला. टेबलावर नकाशा पसरला. काडेपेट्या म्हणजे वॅगन, लाल कागद गुंडाळलेल्या पेट्या म्हणजे इंजिनं. एका टोकाला रुळाचा एक बंद तुकडा होता. रेल्वेत त्याला शंटिंग नेक म्हणतात. सगळी गाडी ओढून त्या तुकड्यात न्यायची, मागचा सांधा मोकळा झाला की तो बदलायचा आणि वॅगन दुसऱ्या रुळावर ढकलायची. सांधा मोकळा झाला नाही, तर रेल्वे संपली.

तिने गाडी ओढली. गाडी नेकमध्ये गेली आणि शेवटची पेटी सांध्यावर राहिली.

"बसत नाही," ती म्हणाली.

"जरा रेटा की, वैनी," भाऊ म्हणाला.

"रेटून रूळ लांब होतो का, भाऊजी?" तिने शेवटच्या लाल पेटीवर बोट ठेवलं. "हे मागचं काय आहे?"

"बँकर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"ते काय करतं?"

"मागून ढकलतं. घाटात."

तिने नकाशा पाहिला. मग वाकून टेबलाच्या कडेशी डोळे नेऊन टेबलही पाहिलं. "घाट कुठे आहे?"

कर्जतमध्ये वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. पुण्याकडे निघालेल्या गाडीला मागे इंजिन लागताना बघतच आम्ही मोठे झालो. आता काही गाड्या त्याच्याशिवायही घाट चढतात, पण त्या बघताना शेपटी नसलेली म्हैस बघितल्यासारखं वाटतं. नेकची लांबी मी एक इंजिन आणि तीन वॅगन धरून बरोबर मोजली होती. नंतर नकाशावर गाडी काढताना हाताने आपण होऊन मागे आणखी एक इंजिन जोडलं. मी, भाऊ आणि गार्डसाहेब, तिघांनी नकाशा तपासला होता. सपाट फळीवरचं बँकर एकालाही खटकलं नव्हतं.

"आमच्याकडे गाडीला एकच इंजिन असतं," ती म्हणाली. "तरी ती जाते."

"तुमच्याकडं सगळं सपाटच हाय, वैनी. हितं मागनं ढकलनारा लागतोच. उद्या तुमचं कपाट जिन्यानं वर चढवायचं तं बँकर कोन? मीच ना?"

ती हसली, पण अडलं होतं ते अडलंच होतं. मी मागची लाल पेटी उचलून खिशात टाकली.

"अट नकाशाची होती. सांधा, रूळ, नेक, कशातली एक रेघ बदललेली नाही. आता ओढ."

"ही पळवाट आहे."

"असेल. चालते का ते बघ."

तिने ओढलं. सांधा मोकळा झाला. पिंपांची वॅगन कारखान्यात गेली. गोदामाची वॅगन गिरणीच्या वॅगनमागे अडकली होती, म्हणून तिने आधी गिरणीची बाहेर काढून बाजूला ठेवली, गोदामाची आत सोडली, मग गिरणीची परत जागेवर नेली. एकही पेटी तिने उचलून ठेवली नाही. नकाशा बरोबर होता. तो बरोबर आहे हे मी पहिल्यापासून सांगत होतो. फक्त गाडी चुकीची होती.

मी नकाशाची गुंडाळी करायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला आणि वॅगनांचा क्रम उलटा लावला. तो सोडवला. मग स्वतःच आणखी एक लावला.

"दादा, भिंत तुजी झाली रं," भाऊ म्हणाला. "पन वैनी काय उठत नाय. जेवायला मिळंल का नाय आज?"

खिचडी मी टाकली. सुताराला फोन तिनेच केला आणि कपाटाऐवजी फळी सांगितली. सांधे नीट दिसायला हवेत, म्हणून फळी डोळ्यांच्या रेषेत बसवून घेतली. डोळे तिचे धरले. ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, त्यामुळे माझी पाळी आली की मी जेवायच्या पाटावर उभा राहून रेल्वे चालवतो.