बिनधन्याच्या वऱ्हाडचे राजे

माझे बाबा वऱ्हाडचे राजे होते. तसं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मोताळ्याच्या बाजारात ज्वारी विकायला गेले, की एखाद्या ओट्यावर चढून सांगत, "वऱ्हाड निजामाचं, हुकूम गोऱ्याचा अन् कचेरी नागपुरात. ज्याले एक धनी नाई, त्याचा धनी मी." यात वेड कुठं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

गावाला फुकटचा तमाशा मिळाला. बाबा दिसले की लोक कमरेत वाकून मुजरा करत आणि त्यांची पाठ फिरताच खिदळत. बाबा मान हलवून मुजरा घेत. ती खिदळणारी तोंडं आठवली की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी पाटलाची जाई. तो मान पिढ्यान् पिढ्यांचा. एका वर्षी गावच्या टवाळांनी बाबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, "महाराज, राजाच्या आधी पाटील काऊन?" बाबांनी आमची जोडी पुढं काढली आणि तोरण तोडलं. पाटलाला ते झोंबलं. हा माणूस सरकार मानत नाही आणि गाव त्याला मुजरे करतं, अशी वर्दी त्यानं ठाण्यात दिली.

दुसऱ्या दिवशी फौजदार चावडीवर आला. मुजरे कोण करतं, असं त्यानं विचारलं. सगळे जमिनीकडे बघत राहिले. बाबा मात्र ताठ उभे. आपण राजा आहोत, हे त्यांनी फौजदारालाही सांगितलं. शिपायानं पाठीत काठी घातली, तरी तेच. मग फौजदार आईकडे वळला. नवरा शहाणा असेल तर बंडखोर म्हणून तुरुंगात जाईल, वेडा असेल तर नागपूरच्या पागलखान्यात. काय ते तू सांग, म्हणाला.

चारचौघांत नवऱ्यासमोर आई कधी बोलली नव्हती. पदर सावरून ती म्हणाली, "पागल हायेत ते. मारू नका त्यायले."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोक्याचा पटका काढून तिच्या हातात दिला आणि मुकाट्यानं शिपायामागून चालू लागले. ते परत आले नाहीत. हिवाळ्यात नागपुरातच गेल्याचा निरोप आला.

तू त्यांना काठ्यांपासून वाचवलंस, असं मी आईला पुढं कितीदा तरी समजावलं. लेकीचं मन राखायला ती ऐकून घेई. अखेरच्या दुखण्यात मात्र एकदाच बोलली, "गाव मजाक करत होतं, माय. मले तं ते खरंच राजे वाटत होते."