पिवळं पाणी आणि कुंकवाच्या पॉलिस्या

कंपनीत चहा-पाणी देणाऱ्या बाईसमोर लोक काहीही बोलतात. ट्रे घेऊन आत गेलं, तरी कुणी बोलायचं थांबत नाही. आठ वर्षांत असे इतके किस्से साठलेत की घरी सांगायला लागले की आमचे हे म्हणतात, "तुझी कंपनी आहे का तमाशा?" आधीच्या किश्श्यांना हसू यायचं. मागच्या वर्षभरातले मात्र हसण्यावारी नेता येत नाहीत. तुम्हीच ऐका.

*

आमची कंपनी चाकणच्या अलीकडे. गाड्यांच्या पार्टला चकचकीत प्लेटिंग करते. कंपाउंडच्या मागेच आमची चाळ, आणि चाळीला पाणी कंपनीच्या बोरचं.

एक दिवस माझ्या शर्वरीचे शाळेचे पांढरे मोजे धुतले, तर पिवळे निघाले! पहिलीतली पोर, रडायलाच लागली. मी बोरचं पाणी बाटलीत भरलं आणि पांडूकाकांकडे नेलं. काका आमचे स्टोअरकीपर, याच गावचे, कंपनी निघाली तेव्हापासूनचे.

त्यांनी बाटली उन्हात धरली. "सोन्याचं पाणी हाय गं पोरी! नशीब काढलंस!"

सगळे हसले. मीपण हसले.

पंधरा दिवसांनी त्याच बाटलीचा लॅबचा रिपोर्ट आला आणि हसणं बंद झालं. प्लेटिंगच्या रसायनाची जमिनीतली टाकी कधीची फुटलेली. विष मातीत, मातीतून बोरमध्ये. आणि त्याच पाण्यानं मी पोरीला रोज न्हाऊ घालत होते! त्या दिवसापासून रोज तिची पाठ उजेडात धरून बघते, कुठे पुरळ तर नाही ना.

*

टाकीखालची माती खणून न्यायची, तरच बोरचं पाणी सुधारेल, असं ठरलं. खर्च ऐकून आता कंपनी बघणारे धाकटे शेठ मटकन खुर्चीत बसले. "कंपनी विकली तरी भागणार नाही!"

मग कंपनीच्या वकीलबाई आल्या. पहिलाच प्रश्न, "बाहेरच्यांचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा तुम्ही काढत होतात ना? त्या जुन्या पॉलिस्या शोधा."

माझ्या हातात ट्रे, तरी तोंडातून निघूनच गेलं, "मॅडम, संपलेल्या विम्याचं काय करायचं?"

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, टाकी ज्या वर्षी फुटली, त्या वर्षीचा विमा बघायचा. वर्ष संपलं म्हणून त्या वर्षी दिलेला शब्द संपत नाही."

धाकटे शेठ म्हणाले, "आमच्याकडे जुनी पॉलिसी म्हणजे रद्दी!"

"मग त्या रद्दीतूनच तुमची माती काढायचा खर्च निघणार आहे. अट एकच. टाकी गळते हे माहीत असून विमा काढला असेल, तर रुपयासुद्धा मिळणार नाही."

*

पॉलिस्या ऑफिसात कुठेच सापडेनात. मिळाल्या टूलरूमच्या देव्हाऱ्यात!

कंपनी काढणाऱ्या मोठ्या शेठांची रीतच होती. खंडेनवमीला मशिनींची पूजा, पान्या-हातोड्यांची पूजा, आणि त्या वर्षीच्या पॉलिसीचीही पूजा. "हीच आपली ढाल," म्हणायचे. एकदा हळदकुंकू वाहिलेला कागद टाकायचा कसा? पांडूकाकांनी एकूण एक पॉलिसी देवामागे जपून ठेवलेली.

पण प्रत्येकीचा नंबर कुंकवाखाली! वर अक्षता चिकटलेल्या. कोरड्या कापसानं पुसायचं काम माझ्याकडे आलं. वकीलबाई मागे उभ्या, "सावकाश, ताई! तुमच्या हातात अख्ख्या चाळीचं पाणी आहे!"

एकेक अक्षत नखानं सोडवत मी सगळे नंबर मोकळे केले.

विमा ऑफिसचे साहेब आले. हळदकुंकू बघून त्यांनी आधी चपला काढल्या, कागदाला हात लावून कपाळाला लावला. मग खुर्चीत बसून म्हणाले, "ही खरी आहे कशावरून?"

*

त्यानंतर त्यांचा नुकसान तपासणारा सर्व्हेअर आला. टाकीपाशी उभा राहून त्यानं पांडूकाकांना विचारलं, "गळती अचानक झाली की हळूहळू?"

वकीलबाईंनी मागून खुणा केल्या. अचानक झाली असेल तर विमा, हळूहळू असेल तर भांडण, हे त्यांनी काकांना सकाळीच समजावलं होतं. काकांना खोटंही बोलवेना, बाईंना दुखवताही येईना.

"अचानक, साहेब," काका म्हणाले. सर्व्हेअर लिहायला लागला, तोच पुढं म्हणाले, "मंजे रोजच अचानक!"

*

आमच्या चाळीचे मालक तात्या. गावातली जुनी मंडळी, माळावर जमीन. मला गाठून म्हणाले, "पानी पिवळं, पानी पिवळं करत बोंबलू नगंस. रावेतचं गिऱ्हाईक जागा बघाया येनार हाय."

"तात्या, लेकरं आहेत घरात!"

"मी काय आंधळा हाय व्हय? करतो कायतरी."

आणि खरंच केलं! दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. प्रत्येक खोलीला दोन-दोन नव्या बादल्या फुकट. सगळ्या पिवळ्या!

तात्या हसून म्हणाले, "आता दिसतंय का सांग?"

*

भांडत-भांडत क्लेम शेवटच्या सहीपर्यंत आला. फक्त मोठ्या शेठांचा जबाब राहिला होता. आता ते ताथवड्याला मुलीकडे असतात, काठी टेकत आले. केबिनमध्ये सर्व्हेअर, वकीलबाई, धाकटे शेठ. मी दाराशीच उभी राहिले.

सर्व्हेअरनं विचारलं, "शेठ, टाकी गळते हे तुम्हाला कधी माहीत होतं का?"

"छे! कधीच नाही!" मोठे शेठ खणखणीत बोलले.

सर्व्हेअरनं लिहिलं. वकीलबाईंनी माझ्याकडे बघून डोळ्यांनीच 'झालं' म्हटलं. मला तर रडूच आलं. माती निघणार! पोरीला चांगल्या पाण्यानं न्हाऊ घालता येणार! डोळे पुसले आणि घाईघाईनं जारच्या पाण्याचे ग्लास घेऊन आत गेले.

सगळ्यांनी घेतले. मोठ्या शेठांनी हातानं ग्लास बाजूला सारला.

"घ्या ना शेठ, लांबून आलात," सर्व्हेअर म्हणाला.

"नको, नको. इथलं पाणी मी कधीच पीत नाही." त्यांनी पिशवीतून थर्मास काढला. "ती टाकी बसवली ना, त्याच्या दुसऱ्या वर्षापासून घरनंच आणतो."

वकीलबाईंनी डोळे मिटले. सर्व्हेअरचा ग्लास तोंडाशी तसाच थांबला होता, अर्धा संपलेला. त्यानं आधी ग्लासात बघितलं, मग माझ्याकडे.

मोठ्या शेठांनी थर्मासचं झाकण भरलं आणि प्रेमानं त्याच्यापुढे सरकवलं.

"हे घ्या. हे चांगलं आहे."