कॅबिनेटला कान लावणारे काका

"त्यांना नका बोलावू हो. चांगलं चालतं मशीन बिघडवून जातात."

हे मी आमच्या लिफ्टमध्ये ऐकलं. बोलणाऱ्या होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. ऐकत होत्या सहाव्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या वहिनी. त्यांचा कॉम्प्युटर दोन दिवसांपासून सुरू होत नव्हता, आणि गावातले एक काका घरी येऊन दुरुस्त करतात असं वॉचमनने त्यांना सांगितलं होतं. काकूंनी माझ्या बाबांकडे बोट केलं. "विचारा ना सेक्रेटरींनाच. यांच्याकडेच झालं ते." बाबांनी मान डोलावली. मी भाजीची पिशवी धरून मागे उभी होते.

खरं काय झालं होतं ते त्या लिफ्टमध्ये फक्त मला माहीत होतं.

घरी येऊन वस्तू दुरुस्त करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आल्या आल्या बॅग उघडतात, हत्यारं पसरतात. काका तसे नव्हते. ते पहिल्यांदा आले तेव्हा मी नववीत होते. त्यांनी हॉलमधला पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहत म्हणाले, "वयनी, कुकर जरा उतरवा."

आईला वाटलं, गॅसचा काही धोका असेल. तिने घाईने कुकर उतरवला. मग काकांनी जमिनीवर मांडी घातली, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला कान लावला, डोळे मिटले आणि मला बटण दाबायची खूण केली. आतून तीन बीप आले.

"तीनदा बोंबलला. रॅम हाय."

त्यांच्याकडे बॅग नव्हतीच. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. वरच्या कप्प्यात स्क्रू, मधल्यात ब्रश, चिमटा आणि एक खोडरबर. शाळेतला, साधा, माझ्या कंपासमध्ये होता तसलाच. रॅमची पट्टी बाहेर काढून त्यांनी तिच्या सोनेरी कडा त्या रबराने हळूहळू घासल्या, फुंकर मारली, परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. मी खालच्या कप्प्याकडे पाहत होते, तर म्हणाले, "तो नको उघडू गो बाय. त्यात सुकट हाय. तुजे बाबा मला परत घरात घेनार नाय."

काका स्टेशनपलीकडच्या गावठाणातले. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एके काळी त्यांच्याच भावकीची होती. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही खिडकीतून खाली बघताना सहज सुचलं म्हणून. "तुमचा पंप हाय ना, तिथं आमची चिंच होती." बाबा चष्मा काढून पुसायला लागले. काकांनीच त्यांना सोडवलं. "गोर पानी येतो ना वर? मंग झाला." गोडाला ते गोर म्हणत.

"मशीन कदी खोटा बोलत नाय," असं ते नेहमी म्हणत. "हलू बोलतो, येवराच."

माणसांच्या बाबतीतही त्यांचा हाच कायदा होता. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ते विचारत, शेवटी मशीनवर कोण बसलं होतं? बहुतेक वेळा मीच असायचे. मग माझ्याकडे वळून म्हणत, "काय झाला ते तुज्या तोंडानं सांग."

आमच्या घरी माझ्या वतीने उत्तर द्यायची पद्धत होती. शाळेत इंग्रजी, घरी मराठी. दोन्हीकडे वाक्य आधी मनात नीट लावून घ्यायची मला सवय, आणि ते लावून होईपर्यंत कुणीतरी बोलून मोकळं झालेलं असायचं. एकदा मशीन असंच बंद पडलं, तेव्हाही आईने सुरुवात केलीच होती. काकांनी हात वर केला. "वयनी, तिला सांगू द्या." आणि ते थांबले. कॅबिनेटसमोर थांबत तसेच, मान थोडी कलती ठेवून. माझ्यासाठी इतका वेळ थांबलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, स्क्रीन निळी झाली, मग आवाज आला, मग मी घाबरून मेन स्विच बंद केला.

"मंग अर्दा काम तूच केलास," ते म्हणाले.

कॉलेज झालं, मी घरून काम करू लागले, माझा लॅपटॉप आला. बाबांचा कॉम्प्युटर मात्र तोच राहिला. सोसायटीची सगळी पत्रं त्यात. या वर्षी दसऱ्याच्या आधी काका येऊन त्याची धूळ काढून गेले. इतका शांत चालायला लागला की बाबा दोनदा वाकून बघत होते, चालू आहे ना म्हणून.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूंची पूजा असते. आईचं शिलाई मशीन, बाबांचा जुना ड्रॉइंगचा सेट आणि कॉम्प्युटर. आई कॉम्प्युटरला गंधाचं बोट लावते, एक झेंडू ठेवते, दोन अक्षता. या वेळी मावशीचं ऑपरेशन झालं म्हणून आई पनवेलला गेली होती, आणि पूजा माझ्याकडे आली. इंग्रजी शाळेतल्या मुलींना हे काही जमत नाही, असं मावशी नेहमी म्हणायची. म्हणून मी सगळं जरा जास्तच मनापासून केलं. कुंकू लावलेल्या तांदळाची मूठ भरली आणि कॅबिनेटवर वाहिली. वर जाळी होती. आत काहीतरी टपटप पडल्याचा आवाज आला. मी तो ऐकला, आणि झेंडूचं फूल जाळीवर नीट ठेवून दिलं.

संध्याकाळी बाबांनी कॉम्प्युटर लावला. खरखर झाली आणि पाच मिनिटांत तो बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद.

दुसऱ्या दिवशी काका आले. पंखा बंद केला, कान लावला. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळले. "काय झाला गो बाय?"

"ती काय सांगणार?" बाबा म्हणाले. "तुम्ही साफ करून गेलात आणि आठ दिवसांत बंद पडला."

काका तरीही माझ्याकडेच बघत राहिले, मान कलती करून. माझं वाक्य मनात लावून झालेलं होतं. मी फरशीकडे पाहिलं.

त्यांनी झाकण उघडलं. बाबा पलीकडच्या बाजूला होते. त्यांना दिसलं नाही, मला दिसलं. प्रोसेसरच्या पंख्याच्या पात्यांत लाल तांदूळ अडकले होते. काकांनी ते चिमट्याने एक एक करून तळहातावर घेतले. एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मूठ मिटून कपाळाला लावली आणि दाणे शर्टाच्या खिशात टाकले.

"पंख्याची वायर माज्याकरनं सैल रायली आसंल, साहेब," ते म्हणाले. "चुकला."

बाबांनी त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, काका चालतं मशीन बिघडवून गेले. पुढच्या वेळेपासून सीवूड्सच्या एका दुकानातून माणूस बोलवायचा असं ठरलं. तो येतो, गळ्यात ओळखपत्र असतं, पंखा चालू असतो, टीव्हीही चालू असतो. तो कुणाला काही विचारत नाही.

काकांनी चूक स्वतःवर घेतली ती देवाच्या अक्षतांसाठी, माझ्यासाठी नाही, असं मी काही दिवस स्वतःला सांगितलं. मग एकदा काका मला बाजाराच्या कोपऱ्यावर भेटले. स्कूटरवर होते, पायाशी डबा. त्यांनी एवढंच विचारलं, "पंखा फिरतो ना नीट?" मी तोंड उघडलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार, कारण त्यांनी स्कूटरचं इंजिन बंद केलं. मला ऐकू यावं म्हणून नाही. माझं त्यांना ऐकू यावं म्हणून. मी "हो" म्हणाले. ते आणखी थोडा वेळ थांबले. मग किक मारली आणि गेले. आमच्या गेटमध्ये ती स्कूटर पुन्हा वळली नाही.

तर, लिफ्ट. काकू वहिनींना सीवूड्सच्या दुकानाचा नंबर शोधून देत होत्या. वहिनी म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. दुसरा मजला गेला. आमच्या लिफ्टचा छोटा पंखा फार घरघरतो; त्या आवाजात माझ्यासारखीचं बोलणं कुणाला कळणं शक्य नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, हात लांब करून पंख्याचा स्विच बंद केला. तिघंही माझ्याकडे वळली.

"बाबा," मी म्हणाले, "काकांचं काही चुकलं नव्हतं. पंख्यात अक्षता होत्या. त्या मी टाकल्या होत्या."